कागदाबाहेरचं वाक्य

पुसद,
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय अनघा,

माह्या हातचं पत्र पाहून दचकशील. शाळेत एका बाकावर बसत होतो तेव्हा चिठ्ठ्या लिहिल्या तेवढ्याच, त्यानंतर आपण एकमेकींले कागदावर कधी लिहिलं नाई. पण इथं आल्याबरोबर फोन जमा करून घेतला. कोर्स संपेपर्यंत भेटणार नाई म्हणतात. रविवारी ऑफिसातून घरी एक फोन लावू देतात, तेही सर समोर बसून असतात. म्हणून तुले पत्र.

नागपूरले विमानतळावरच्या नोकरीची मुलाखत झाली, ते तुले सांगितलंच होतं. लेखी परीक्षेत मी वरच्या पोरींमध्ये होती. आत गेल्यावर त्या बाईनं 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हटलं. हे तर मी घोकून गेलती. माहं नाव सांगितलं, दिग्रसजवळचा तांडा सांगितला, अन् तिथंच गळा बंद पडला. बाजूची पोरगी हसली. बाईनं पाण्याचा ग्लास पुढे केला अन् दुसऱ्या नावाची हाक मारली. तो ग्लास मले अजून दिसते.

त्यानंतर आठवडाभरानं एक फोन आला. मुलाखतीत इंग्रजीपायी मागे पडलेल्या पोरींसाठी पुसदले अकॅडमी आहे, फी घेत नाई, राहणं-जेवणं त्यांच्याकडेच. फोनवर मले चार वाक्यं वाचायले लावली. म्हणाले, आवाज चांगला आहे, या.

जागा शहराबाहेर आहे, वाशीम रोडले लागून. आम्ही पंधरा-वीस पोरी. शिकवणारे सलील सर नागपूरचे आहेत, कोनावर आवाज चढवत नाईत. सकाळी आरशासमोर उभं करतात. 'व्ही' म्हणतानी खालचा ओठ दाताखाली गेला पाहिजे अन् 'डब्ल्यू'ले ओठ गोल झाला पाहिजे, हे इतकं वय होईपर्यंत मले कोनी सांगितलं नव्हतं. आपला आवाज रेकॉर्ड करून आपल्यालेच ऐकवतात. पहिल्या दिवशी मले माहीच लाज वाटली. सरांनी माहा रोग बरोबर ओळखला. मी आधी मनात आमच्या तांड्याच्या गोर बोलीत बोलते, मग त्याचं मराठी करते, मग इंग्रजी. तोवर समोरचा माणूस निघून जाते. सर म्हणतात, मधलं सगळं बंद करा. म्हणून इमारतीत मराठीले बंदी आहे. विमलताई नावाच्या बाई सैपाक पाहतात अन् कोन मराठी बोलली ते सरांले सांगतात. माह्या खोलीतली संगीता उमरखेडकडची आहे, ती अन् मी न्हाणीघराजवळ हळूच बोलून घेतो.

दिवसभर इंग्रजीनं तोंड दुखते, म्हणून तुले लिहितानी घरच्यासारखं लिहून राह्यली. चुका काढू नको.

तुही,
अंजू

•

वणी,
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय अंजू,

पत्र बँकेच्या पत्त्यावर आलं आणि मी काउंटरवर गर्दी असतानाच फोडलं. तुझ्या ओठांची आणि दातांची कसरत वाचून हसू आलं, आणि बरंही वाटलं. नागपूरच्या त्या मुलाखतीनंतर तू किती दिवस फोन उचलला नव्हतास, ते मी विसरलेली नाही.

पण काही गोष्टी खटकल्या, त्या लिहिते. राग मानू नकोस.

मुलाखतीत तू मागे पडलीस हे त्यांना कोणी सांगितलं? तुझा नंबर कुठून मिळाला? फी घेत नाहीत, राहायला-जेवायला देतात, तर त्यांचं चालतं कशावर? इंग्रजी शिकायला फोन काढून घ्यावा लागतो, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. उलट फोनवर तर ऐकायला किती मिळतं. आणि घरच्यांशी बोलताना समोर बसायचं कारण काय?

माझा चुलतभाऊ श्रेयस पुसदला कॉलेजात शिकवतो. त्याला वाशीम रोडकडे चक्कर मारायला सांगितलं. पत्त्यावरची इमारत सापडली, पण अकॅडमीची पाटी कुठेच नाही. फाटकावरच्या माणसाने त्याला खाजगी जागा आहे म्हणून परत पाठवलं. विद्यार्थी मिळावेत म्हणून लोक गावभर फलक लावतात, अंजू. हे लपून शिकवतायत.

तुला कोर्सच्या शेवटी काय मिळणार आहे? परीक्षा कोणाची? प्रमाणपत्रावर सही कोणाची? एवढं विचारून घे. आणि तिथून निघावंसं वाटलं तर सरळ वणीला ये. माझी खोली दोघींना पुरेल. रोज संध्याकाळी तासभर आपण इंग्रजीत बोलत जाऊ. मी काही मोठी पंडित नाही, पण तुझ्याशी बोलायला फाटक तरी बंद करणार नाही. माझा फोन नंबर खाली देते आहे. कुठूनही लाव.

अनघा

•

पुसद,
२४ नोव्हेंबर २०२४

अनघा,

तुहं पत्र फोडलेलं माह्या हाती आलं. विमलताई म्हणाल्या, पाकीट रस्त्यातच उसवलं असेल. संध्याकाळी सरांनी मले हसून विचारलं, 'तुमची मैत्रीण बँकेत असते का?' मी हो म्हटलं. आता यापुढं संगीताच्या मावशीच्या पत्त्यावर लिहिजो. रविवारी भाजी आणायले जातो तेव्हा आम्ही दोघी तिच्याकडे पाणी प्यायले थांबतो. पत्ता खाली आहे.

पण तुह्या पत्राचा मले रागच आला, खोटं कायले बोलू. शाळेतही तू माह्या मराठीतल्या चुका काढत होती. मी 'पाणीले' म्हटलं की 'पाण्याला' म्हण, म्हणत होती. मले वाटत होतं, ही माहं भलं पाहून राह्यली. आता वाटते, मी तुह्या बरोबरीनं बोलले तर तुले बरं वाटेल का? तुह्या घरी आजोबा कचेरीत, बाप कचेरीत, तुले इंग्रजी ऐकतच मोठं केलं. माह्यासाठी कोनी पाटी न लावता शिकवलं तर तुले त्याच्यात चोर दिसते. अन् भावाले पाळतीवर पाठवतानी मले विचारलं काहून नाई?

माहं काय चाललं ते ऐक, म्हणजे तुही शंका जाईल.

या महिन्यापासून आमचं खरं बोलणं सुरू झालं. इंग्लंडमध्ये म्हाताऱ्या लोकांची एक संस्था आहे. भारतातल्या पोरींले बोलायची सवय व्हावी म्हणून ते लोक फोनवर वेळ देतात. दुपारी तीन वाजले की त्यांच्याकडे सकाळ असते, तेव्हा कॉल चालू होतात. आम्हाले एक कागद दिला आहे. मी 'अ‍ॅना' आहे, बँकेच्या सुरक्षा विभागातून बोलून राह्यली. तुमच्या खात्यात कोनीतरी शिरू पाहते, घाबरू नका, मी तुमच्यासोबत आहे, असं बोलाचं. ते लोक ग्राहकाचं काम करतात. ते घाबरतात, प्रश्न विचारतात, आपण त्यांले शांत कराचं. शेवटचा भाग सिनियर लोक दुसऱ्या खोलीतून घेतात. कागदाबाहेरचं वाक्य बोललं की मार्क कटतात, अन् त्यांले नाटकातून बाहेर काढणारा प्रश्न विचारला तर त्या दिवशीचा सरावच रद्द.

माह्या वाट्याले डोरीन नावाच्या आजी आल्या आहेत. चार-पाच वेळा बोलली. त्या इतकं हुबेहूब काम करतात की मले नवल वाटते. कालच्याले त्यांचा आवाज कापत होता. चष्मा सापडत नाई म्हणाल्या, मग म्हणाल्या, माहा नवरा असता तर त्यानं हे सगळं पाह्यलं असतं. कागदात याचं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, काळजी करू नका, मी आहे ना. सरांनी ते ऐकलं, तरी मार्क कापले नाईत. सगळ्यांसमोर म्हणाले, हिचा आवाज ऐकला की माणसाले भरोसा वाटते. माह्यासाठी असं आजवर कोनी बोललं नव्हतं.

अंजू

•

वणी,
२९ नोव्हेंबर २०२४

अंजू,

तू मला काय म्हणालीस ते बाजूला ठेवते. त्यातलं काही खरं असेल तर त्यावर आपण समोरासमोर बोलू. आत्ता हे पत्र मावशीच्या घरी बसूनच वाच. आत नेऊ नकोस.

डोरीन आजी नाटक करत नाहीत.

आमच्या शाखेत नरहर काका म्हणून एक खातेदार आहेत, निवृत्त शिक्षक. गेल्या वर्षी त्यांना असाच फोन आला, हिंदीतून. बँकेतून बोलते, तुमच्या खात्यात कोणीतरी शिरू पाहतंय, घाबरू नका. तुझ्या कागदावर आहे तेच. ती मुलगी सांगेल तशी ते बटणं दाबत गेले आणि खातं रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी ते माझ्यासमोर खुर्चीत बसले होते. पण त्या मुलीवर त्यांना रागच येत नव्हता. ती किती चांगलं बोलत होती, मला धीर देत होती, हेच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. अजून त्यांना वाटतं की फसवणारा कोणीतरी वेगळा होता.

तुम्ही मुली धीर देता आणि शेवटचा भाग दुसऱ्या खोलीतले लोक घेतात. त्या शेवटच्या भागात काय होतं, ते तुला कधी ऐकू दिलं आहे का? तुम्हाला इंग्रजी शिकवतात ते त्यासाठीच. म्हणून फी नाही, म्हणून पाटी नाही, आणि म्हणूनच तुझी परीक्षा फोनवर आवाज ऐकून घेतली.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तू स्वतः खात्री कर. त्या आजींना कागदाबाहेरचा एकच प्रश्न विचार, की माझ्याशी बोलायला तुम्हाला कोणी सांगितलं? संस्था खरी असेल तर त्या संस्थेचं नाव सांगतील. बिघडलं तर एका दिवसाचे मार्क जातील.

मी पोलिसांत जाऊ शकते. पण तिथे पहिलं नाव तुझं निघेल, म्हणून तुला विचारल्याशिवाय जाणार नाही. मात्र फार दिवस थांबताही येणार नाही, कारण रोज दुपारी तीनला तिकडे कोणाचा तरी फोन वाजतो आहे.

एक गोष्ट लिहू की नको, असं झालं होतं. लिहितेच. तुझं मागचं पत्र मी बऱ्याचदा वाचलं आणि दर वेळी एकच भीती वाटली. तुला हे आतून कळलेलं तर नाही ना?

अनघा

•

वणी,
१६ डिसेंबर २०२४

अंजू,

तुझं उत्तर नाही. शनिवारी मी स्वतः पुसदला आले होते. फाटकाशी एक बाई आल्या, त्या विमलताई असाव्यात. मी तुझं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, इथे अंजू नावाची कोणी नाही. मागच्या बाजूला दोरीवर कपडे वाळत होते, त्यात तुझी हिरवी ओढणी मी ओळखली. तसं त्यांना सांगितलं, तर त्यांनी फाटक लावून घेतलं.

तिथून मावशींकडे गेले. त्या म्हणाल्या, तू माझं पत्र केव्हाच घेतलंस. त्यांच्या ओट्यावर बसून वाचलंस, घडी करून त्यांच्याच चुलीत टाकलंस आणि परत गेलीस. पुढच्या रविवारीही भाजी घेऊन गेलीस, पण ओट्यावर आली नाहीस.

म्हणजे तू वाचलं आहेस. वाचूनही तू आतच आहेस. मी याचा काय अर्थ काढू? तुला कोंडून ठेवलं असतं तर मी त्याच दिवशी ठाण्यात गेले असते. पण तू बाजारात येतेस आणि परत जातेस.

येत्या शनिवारपर्यंत वाट पाहते. मग मला जायलाच हवं. माझी भैरवी आत्या यवतमाळला वकील आहे, तिला मी अजून तुझं नाव सांगितलेलं नाही.

अनघा

•

पुसद,
२० डिसेंबर २०२४

अनघा,

मी बाहेर आहे. संगीताही आहे. आम्ही मावशीच्या घरी आहो. मावशीच्या फोनवरून तुले लावता आलं असतं. दोनदा नंबर दाबला अन् कापला. मले आता फोन कानाले लावायचीच भीती वाटून राह्यली. मावशीचे शेजारी उद्या सकाळच्या गाडीनं वणीले जाऊन राह्यले, त्यांच्या हाती हे देते.

तू विचारलं होतं, मले आतून कळलं होतं का. तुहं पत्र वाचेपर्यंत नव्हतं कळलं. वाचल्यावर कळलं. अन् तरी मी परत गेली. दुसऱ्या दिवशी तीन वाजता खुर्चीवर बसली, अ‍ॅना झाली. पुढचे दोन आठवडे झाली. तुह्यापासून हे लपवता आलं असतं, पण तू विचारलंच आहे तर घे. मी मनाले सांगत होती, अनघा जळते. दुसरं सांगत होती, आणखी थोडे दिवस, तोंडात इंग्रजी पक्कं बसू दे, मग निघू. कारण ते खरंच येऊन राह्यलं होतं. मधलं सगळं बंद झालं होतं. वाक्य मनात इंग्रजीतच उगवत होतं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माहा गळा बंद पडत नव्हता. ते सोडून द्यावं वाटेना. पण त्या दोन आठवड्यांत मी पहिल्यांदा नीट कान देऊन ऐकलं, अन् ते म्हातारे लोक किती खरे घाबरतात ते दर कॉलले ऐकू येत गेलं. तुहा प्रश्न जिभेवर यायचा अन् मी गिळून घ्यायची. उत्तर काय येईल ते मले ठाऊक होतं, म्हणूनच विचारत नव्हती.

काल डोरीन आजींले लावलेला कॉल माह्याकडे दिला. कागदावर नवीन ओळ होती. बँकेतल्या कोणाला सांगू नका, बँकेतलाच माणूस यात सामील आहे. ती ओळ वाचता वाचता मले तुहा काउंटर दिसला अन् तुह्यासमोर बसलेले ते नरहर काका दिसले. मी थांबली. अन् विचारलं, आजी, माह्याशी बोलायले तुम्हाले कोनी सांगितलं?

त्या म्हणाल्या, 'यू रँग मी, डिअर.'

बाळा, तूच तर मले फोन केला. इतकं साधं सांगितलं त्यांनी. त्यांले प्रश्नच कळला नाई.

मग मी कागद उलटा ठेवला. मी अ‍ॅना नाई म्हटलं. फोन ठेवा, काहीच दाबू नका, कोनाले तरी सोबत घ्या अन् बँकेत जा. हे सगळं मले माह्या मनानं बोलाचं होतं अन् माहं मन पुन्हा गोर बोलीतून निघालं. शब्द मागचे पुढं झाले. 'गो'च्या जागी 'वेंट' म्हटलं. व्ही गेला, डब्ल्यू गेला. रडूही येत होतं. अन् अनघा, आजींनी माह्यावर भरोसा ठेवला नाई. त्यांचा आवाज एकदम कडक झाला. म्हणाल्या, तू कोन आहे? अ‍ॅना कुठं आहे? मले अ‍ॅनाशीच बोलाचं आहे. कागदावरचं खोटं बोलली तेव्हा त्या मले डिअर म्हणत होत्या, अन् माहं खरं बोलणं त्यांले लबाडीचं वाटलं. मी माहं नाव सांगितलं, तांड्याचं नाव सांगितलं, माही आई, माही याडी, तुमच्याच वयाची आहे म्हटलं. त्यांनी फोन ठेवून दिला. बँकेत गेल्या की दुसऱ्या कोनाचा फोन उचलला, काही माहीत नाई.

सर कानाले लावून ऐकतच होते. त्यांनी मले ऑफिसात नेलं, खुर्ची दिली. अन् पहिल्यांदा माह्याशी मराठीत बोलले. म्हणाले, 'इंग्रजी छान सुधारलं तुमचं. जायचं तर जा, मी अडवणार नाही. पण सगळ्या कॉलवर आवाज तुमचा आहे. माझा एकाही कॉलवर नाही.' मग दार उघडून देतानी म्हणाले, तुमच्या बँकेतल्या मैत्रिणीनं पोलिसांत तुमचंच नाव दिलं आहे, तिला विचारून पहा.

फोन दिला नाई. संगीतानं माही पिशवी उचलली, आपली उचलली, अन् आम्ही फाटकाबाहेर चालत आलो. विमलताई पाहत उभ्या होत्या.

आता खरं सांग. तू माहं नाव दिलं आहे का? दिलं असेल तर मी पळणार नाई. फक्त मले सरांच्या तोंडून नको, तुह्या हातचं पाहिजे.

अंजू

•

वणी,
२१ डिसेंबर २०२४

अंजू,

मी नाव दिलेलं नाही. परवा इथल्या ठाण्याच्या पायऱ्यांपर्यंत गेले होते आणि तुझ्या उत्तरासाठी परत फिरले. त्या माणसाने तुला हे सांगितलं, कारण आपण दोघी एकमेकींकडे संशयाने बघत राहिलो तर त्याला पळायला वेळ मिळतो.

आज सकाळी पत्र मिळालं आणि आता मात्र आत्याला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, तू आपण होऊन जाणं आणि तुला शोधून आणणं यात फार फरक आहे. हे पत्र मावशींचे तेच शेजारी परत घेऊन येतायत. उद्या दुपारपर्यंत मी आणि आत्या पुसदला पोचतो. तिथून यवतमाळला सायबर पोलिसांकडे जाऊ. तोवर कोणी गाडी घेऊन न्यायला आलं, घरच्यांचं नाव सांगितलं, तरी बाहेर पडू नकोस. मावशींना दार लावून घ्यायला सांग.

तू दोन आठवडे थांबलीस, ते वाचून मला वाईट वाटलं. हेही आत्याला जसंच्या तसं सांगितलं आहे. तूही ठाण्यात तसंच सांग. त्यातला एक शब्द गाळू नकोस.

अनघा

•

तांडा, दिग्रस,
९ मार्च २०२५

प्रिय अनघा,

तू मागच्या महिन्यात येऊन गेली, त्यानंतर पुष्कळ झालं. माहा फोन सापडला, पण तो पोलिसांकडेच आहे, पुराव्यात. नवा घ्यावा असं वाटत नाई. म्हणून लिहूनच सांगते.

आपण ठाण्यात गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी इमारतीवर छापा पडला, तेव्हा सर निघून गेलते, हे तुले माहीत आहे. आता ते सापडले. दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या नावानं, अशीच जागा शोधतानी. सलील हे त्याचं नावच नव्हतं. पण जातानी सगळी मशीनं नेता आली नव्हती, त्यातून रेकॉर्डिंग निघाले. मले आठवड्यातून दोनदा यवतमाळले बोलावतात. मी कानाले लावून ऐकते अन् मराठीत सांगते, तिथल्या सायबर पोलिसांतल्या मॅडम लिहून घेतात. माहे स्वतःचे कॉलही मलेच ऐकावे लागतात. त्यातली अ‍ॅना लय चांगलं बोलते. व्ही बरोबर, डब्ल्यू बरोबर.

पहिले काही दिवस मॅडमनं मले साक्षीदारासारखं वागवलं नाई. एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला, तुला कधी कळलं? मी दर वेळी ते दोन आठवडे सांगितले. भैरवी आत्या म्हणतात, म्हणूनच पुढं त्यांचा माह्यावर भरोसा बसला. माहं नाव साक्षीदारांत येईल असं आत्याले वाटते, पण ते कोर्ट ठरवेल.

तांड्यावर सोपं नाई. मी नळावर गेली की बाया बोलणं थांबवतात. तांड्याच्या नायकानं बापूले बोलावून विचारलं, पोरगी बाहेर काय करून आली. बापू तुले माहीतच आहे, माहा बाप सेवादास म्हणजे दिवसाले दहा शब्द. त्यानं सांगितलं, ती आपल्या पायानं ठाण्यात गेली, तेवढं मले पुरे. एवढं सांगून उठून आला. संगीताच्या घरी मात्र तिले बाहेर निघू देत नाईत. तिचं अजून पत्र नाई. मले तिची काळजी लागली आहे.

याडीले बँक कळत नाई, कॉल कळत नाई. ती रोज मले गोर बोलीत एकच विचारत होती, ती डोकरी वाचली का? मी रोज म्हणत होती, माहीत नाई. काल पहिल्यांदा मले हो म्हणता आलं. कसं ते सांगते.

मॅडमनं काल मले समोर बसवलं. तिकडच्या पोलिसांनी डोरीन आजींचं म्हणणं लिहून पाठवलं होतं. मॅडम म्हणाल्या, हे मला कळलं आहे, पण तू वाच अन् मराठीत सांग. मी वाचलं. त्या आजी म्हणतात, मले दोन मुली भेटल्या. पहिली फार छान बोलत होती, धीर देत होती, मी तिच्यावर पोटच्या पोरीसारखा भरोसा ठेवला होता. शेवटच्या दिवशी दुसरीच कोनीतरी मध्ये आली. तिचं इंग्रजी मोडकं होतं, ती रडत होती, अन् मले ती चोर वाटली, म्हणून मी फोन ठेवला. मग चहा करायले उठली. चहा होईपर्यंत माह्या मनात आलं, फसवायचं असतं तर ती इतकी अडखळली काहून असती? मी शेजारणीले घेऊन त्याच दुपारी बँकेत गेली, म्हणून जे होतं ते वाचलं. दुसरीनं तिचं नाव सांगितलं होतं, मले नीट ऐकू आलं नाई. तुम्ही पहिलीले पकडा, अन् दुसरी सापडली तर तिले काही करू नका.

मी कागद खाली ठेवला. मॅडमनं पेनचं टोपण काढलं अन् विचारलं, 'यातली तू कोणती?'

मी म्हटलं, 'दोन्ही.'

त्यांनी वर पाह्यलं. पहिल्या दिवशी पाह्यलं होतं तसंच, ही खरं बोलते की खोटं, हे जोखून. मग मान खाली घातली अन् मी सांगितलं तसंच लिहून घेतलं. मी सही केली अन् दिग्रसची गाडी पकडली.

अंजू